संघ मोठा होतोय आणि जुनी माणसं सुटतायत. काय करावं?

आयोवाकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही बरीच वर्षं आयोवातल्या एका छोट्या गावात राहतो. गावात एक जुनं खासगी कॉलेज आहे, डिव्हिजन थ्रीमधलं. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था, तिच्या या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. टीव्हीचे मोठे करार नाहीत, बड्या कंपन्यांच्या जाहिराती नाहीत. मुली अभ्यास सांभाळून खेळतात आणि लांबच्या सामन्याला जाताना बसमध्ये काय खायचं इथपासून बऱ्याच गोष्टी गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालतात. त्या वर्गणीदारांच्या बूस्टर क्लबमध्ये मी काम करते. महिला बास्केटबॉलच्या सामन्यांना दाराशी टेबल टाकून आम्ही बसतो. तिकिटं, संघाची यादी छापलेला कागद, वर्गणीची पाकिटं, सगळं त्याच टेबलावर.

पूर्वी टेबलाशी येणारा प्रत्येक जण ओळखीचा असायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून कोणाला खालच्या पायरीवर जागा लागते, कोणाची नात यंदा पहिल्या वर्षाला आलीय, मक्याची कापणी उरकली नाही म्हणून कोण उशिरा येणार, हे सगळं आम्हाला तोंडपाठ.

मग केटलिन क्लार्क आली. ती तेव्हा आयोवा विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळायची, आमच्या कॉलेजकडून नव्हे, पण तिच्यामुळे अख्ख्या राज्याला मुलींच्या बास्केटबॉलचं वेड लागलं. १५ ऑक्टोबर २०२३ ला आयोवा सिटीच्या किनिक या फुटबॉल स्टेडियमवर उघड्या आभाळाखाली मुलींचा सराव सामना झाला, त्याला ५५,६४६ लोक होते. त्या मोसमाची तिच्या संघाची सगळी सीझन तिकिटं आधीच संपलेली. ज्यांना तिथे जागा मिळेना ते लेकींना घेऊन आमच्यासारख्या छोट्या जिममध्ये येऊ लागले. एकदा आले ते येतच राहिले. संघही चांगला खेळू लागला. ब्लीचर्स, म्हणजे बसायच्या पायऱ्या, भरतात, बस चांगली मिळाली, दुखापतीकडे बघायला पूर्णवेळ ट्रेनर आली. मला याचा मनापासून आनंद आहे. गर्दी नको असं मी मुळीच म्हणत नाहीये.

अडचण वेगळीच आहे. गर्दी वाढली म्हणून कॉलेजने तिकिटांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. जागांना नंबर पडले, तिकीट फोनवर आलं, दाराशी क्यूआर कोड दाखवायचा. पत्रंही आपोआप जातात, “प्रिय समर्थक” म्हणून.

आमच्याकडे एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आयोवात पूर्वी मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असायचं: तीन जणी फक्त आक्रमण करणार, तीन जणी फक्त बचाव, मधली रेषा ओलांडायची नाही आणि चेंडू हातात आला की दोनच ड्रिबल. राज्यातल्या शाळांमध्ये हा प्रकार १९९३ पर्यंत चालला आणि त्याच्या राज्यस्पर्धेला तोबा गर्दी व्हायची. आजी तो खेळ खेळलेल्या. आमच्या जिममध्ये तिसऱ्या रांगेत, बेंचच्या मागे, स्वतःची गादी घेऊन बसायच्या. मांडीवर तारेच्या बाइंडिंगची वही. त्या वहीत प्रत्येक सामन्याचा गुणफलक हाताने लिहिलेला. हुकलेला फ्री थ्रो दिसला की त्या छोटा गोल काढायच्या आणि पेन्सिलीने त्याला बाहेरून टोक काढायच्या, चेंडू कुठल्या बाजूला गेला ते कळावं म्हणून. सामना संपला की कोच ती वही मागून बघायची. मुलीही बघायच्या.

नव्या पद्धतीत आजींच्या जागेवर दुसरंच कुटुंब रीतसर तिकीट घेऊन बसलं. त्यांची काहीच चूक नाही. आजींकडे जुना, घडीचा फोन. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, वर दाराजवळ कोपऱ्यात बसल्या. तिथून त्यांना बेंच दिसत नाही. पुढच्या सामन्याला आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, “आता तुम्हाला भरपूर माणसं मिळाली की. माझ्यासारखीने जागा कशाला अडवायची?”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. ज्या वर्षी जिममध्ये आमच्यापेक्षा खेळाडूच जास्त असायच्या, तेव्हा ही बाई बर्फातून गाडी चालवत यायची.

आता विचारायचं ते असं. तुमच्यापैकी बरेच जण अमेरिकेत कॉलेजच्या गावांमध्ये राहता, काही जण विद्यापीठांत नोकरीला आहात. जिथे खेळ खूप मोठा झाला तिथे जुन्या माणसांना कसं धरून ठेवलं? आणि आमच्यासारख्या मूठभर स्वयंसेवकांना झेपेल असं काय आहे? लवकरच क्लबची बैठक आहे, तिथे नुसतं गाऱ्हाणं घेऊन जायचं नाहीये.

---

लिंकनचा_शेजारी

ताई, मी नेब्रास्कातल्या लिंकनला राहतो. आमच्याकडे महिला व्हॉलीबॉलचं जे झालं ते सांगतो.

विद्यापीठाचा संघ पूर्वी कोलिझियम नावाच्या जुन्या इमारतीत खेळायचा. साधारण चार हजार माणसं मावायची आणि इतकी जवळ की सर्व्ह करणाऱ्या मुलीचा श्वास ऐकू यावा. २००१ पासून तिथल्या सामन्यांची तिकिटं संपत गेली, सगळे हाउसफुल्ल. २०१३ मध्ये संघ डेव्हनी सेंटरला गेला, जागा जवळपास दुप्पट, तरी ती माळ तुटली नाही. आणि ३० ऑगस्ट २०२३ ला तर फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये मैदानाच्या मध्यभागी कोर्ट घालून ओमाहाशी सामना खेळवला, ९२,००३ लोक आले. मी त्यात होतो. तिथून मुली बोटाएवढ्या दिसत होत्या, पण आयुष्यभर सांगावं असं होतं ते.

माझं म्हणणं एवढंच, की माणूस गर्दीमुळे जात नाही. शेजार गेला की जातो. डेव्हनीला जाताना आमच्या मनात पहिला प्रश्न होता, शेजारी कोण येणार. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं बसलो, ज्यांच्या मुलांची लग्नं पाहिली, ते कुठेतरी तिसऱ्याच कोपऱ्यात गेले असते तर मी घरी टीव्हीवर बघितलं असतं. आमच्या रांगेतल्या घरांनी आधीच बोलून जागा एकत्र मागितल्या, म्हणून टिकलो.

तेव्हा बैठकीत हे नक्की मांडा: जागा हलवायच्याच असतील तर एकेका माणसाला हलवू नका, रांगच्या रांग हलवा. आजींची जागा परत मिळवून द्याच, पण त्यांच्या उजवी-डावीकडे कोण बसायचं तेही विचारा. त्यांनाही फोन करा.

---

सीडर_रॅपिड्सकर

शेजारच्याच गावातून लिहितोय. किनिकची लाट तुम्हाला ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगतो. स्टेडियमला लागून विद्यापीठाचं लहान मुलांचं रुग्णालय आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. फुटबॉलच्या सामन्यात पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, खेळाडू, पाहुणा संघ, पंचसुद्धा, त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात. वर सलाइन लावलेली पोरं उलट हात हलवतात. हे २०१७ मध्ये सुरू झालं, आणि सुचलं कोणाला? ऑफिसातल्या कोणाला नाही. संघाच्या चाहत्यांच्या फेसबुक पानावर एका बाईने लिहिलं, लोकांनी उचलून धरलं.

म्हणून वाटतं, आजींना “परत या” एवढंच म्हणू नका. काम द्या. ती वही हाफ टाइमला पडद्यावर दाखवता येईल. नव्याने येणाऱ्या लहान मुलींना गुणफलक लिहायला त्या शिकवू शकतील. सहा-सहाच्या खेळातल्या बायका आता फार उरल्या नाहीत. ज्या मुली क्लार्कमुळे आल्या त्यांना हे कळायला हवं की या राज्यात हे वेड आजचं नाही.

---

आकडेमोड

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या खेळ विभागासाठी देणग्या गोळा करण्याच्या कामात आहे. नाव देत नाही. थोडं आतलं सांगतो, म्हणजे तुम्ही कुठल्या वाटेने जाऊ नये ते कळेल.

डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. तिथल्या मोठ्या शाळांत (इकडे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) चांगली जागा नुसत्या तिकिटावर मिळत नाही. आधी देणगी, मग तिकीट विकत घ्यायची मुभा. देणगीचे पॉइंट होतात आणि पॉइंटांवर रांग ठरते. २०१७ पर्यंत अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करात वजावट मिळायची. २०१८ पासून ती बंद झाली, तेव्हा मध्यमवर्गी घरांनी हात आखडता घेतला. त्यावर २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून शाळा थेट खेळाडूंना कमाईतला वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका शाळेला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडूंना पैसे मिळावेत हे मला पूर्ण मान्य आहे, उशिराच झालं. पण ते पैसे उभे करायचे म्हटल्यावर ऑफिसचं सगळं लक्ष पहिल्या शंभर देणगीदारांकडे जातं. तीस वर्षं दोन तिकिटं घेणारा शाळामास्तर आमच्या पडद्यावर खालच्या खाली सरकत राहतो. त्याला फोन करायला कोणाला नेमलेलंच नसतं. तो जातो ते आम्हाला पुढच्या हंगामात, तिकिटाचं नूतनीकरण झालं नाही तेव्हा कळतं.

तुमच्यावर हे ओझं नाही. म्हणून तुम्ही हे करू शकता:

वर्षांना वजन द्या, रकमेला नको. जो वीस वर्षं येतोय त्याला पहिली निवड, मग त्याने दहा डॉलर दिलेले असोत. हे लेखी ठरवा, नाहीतर पुढचा ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे खेळ विभागाचा प्रमुख, ते बदलून टाकेल.

माणसं वाटून घ्या. माझ्यासारख्या पगारी, पूर्णवेळ माणसालाही शंभर-सव्वाशे घरांपलीकडे खरी ओळख ठेवता येत नाही. स्वयंसेवकाला वीस घरं पुष्कळ झाली. प्रत्येक घराला एकच माणूस, कायमचा. फोन त्यानेच करायचा, आभाराचं पत्रही त्यानेच हाताने लिहायचं, आणि त्या पत्रात पुन्हा वर्गणी मागायची नाही. हे शेवटचं ऑफिसवाले हमखास मोडतात.

सॉफ्टवेअरशी भांडू नका. तिथे शेऱ्यांचा रकाना असतो, तो बहुतेक रिकामा पडलेला असतो. तुमच्या टेबलावरची माहिती, गुडघा, नात, कापणी, ती त्यात भरा. तुम्ही उद्या गाव सोडलंत तर ती तुमच्याबरोबर जायला नको. फक्त आजाराबद्दल किंवा घरातल्या कटकटीबद्दल लिहू नका, ते पडद्यावर शोभत नाही. “खालची पायरी हवी” पुरतं.

आणि खेळाडूंना कोणी काही भेट द्यायची म्हटलं, अगदी स्वेटर जरी, तरी आधी कॉलेजच्या कम्प्लायन्सवाल्यांना, म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्यांना, विचारा. प्रेमापोटी दिलेल्या वस्तूने मुलीची पात्रता अडचणीत येऊ शकते, आणि नव्या चाहत्यांना हे माहीत नसतं.

---

सोलापूरची_बॅकहँड

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. सोलापूरहून टेनिसवर अमेरिकेत गेले, दक्षिणेतल्या एका विद्यापीठाकडून चार वर्षं खेळले. आमच्या सामन्यांना पन्नास माणसं आली तरी कोच खूश असायचा.

ताई, एक विनंती. आपुलकीचं सगळं ओझं मुलींवर टाकू नका. लोक वाढले की ऑफिसला पहिलं हेच सुचतं: सामन्यानंतर सह्या, फोटो, देणगीदारांबरोबर जेवण, वाढदिवसाचे व्हिडिओ. डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला वीस तासच सराव-सामने घ्यायची मर्यादा आहे, पण असलं हसतमुख उभं राहणं त्या वीस तासांत कुठे धरतात? मला हरलेल्या सामन्यानंतर, पायात गोळे आलेले असताना, अनोळखी माणसांशी गोड बोलावं लागायचं. ते त्यांनाही खोटं वाटत असणार.

जे खरं होतं ते वेगळं. एक म्हातारं जोडपं घरून घडीच्या खुर्च्या आणून कुंपणाशी बसायचं. त्यांनी कधी सही मागितली नाही. काका विचारायचे, “अकाउंटिंगच्या परीक्षेचं काय झालं?” कारण मी मागच्या खेपेला बोलले होते. काकू माझ्या आईचं नाव विचारून तसंच म्हणायला शिकल्या, आई सामना बघायला आली तेव्हा त्यांनी तिला “सुनीताताई” अशी हाक मारली. आईला इंग्रजी येत नाही, दोघी दोन तास शेजारी बसल्या. एकदा थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हा परदेशी मुलींना जेवायला बोलावलं. कधीमधी असं घरी जेवायला नेणं नियमात बसतं, तरी कोचने आधी रीतसर विचारून घेतलं. मी शाकाहारी. तिथे फरसबीच्या शेंगा नेहमी डुकराच्या मांसाच्या तुकड्यासह उकळतात. काकूंनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वेगळ्या शिजवल्या, पातेल्यावर कागद चिकटवून माझं नाव लिहिलं होतं, स्पेलिंग बरोबर.

संघ बदलतात, हल्ली तर ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे दुसरीकडे जायचंय म्हणून नाव नोंदवायच्या यादीमुळे, दरवर्षी कितीतरी मुली शाळा बदलतात. अशा वेळी कायमची माणसं ही ब्लीचर्सवरचीच. त्यांची एकमेकांत गाठ घालून द्या. खेळाडू आपोआप त्या घरात येतील.

---

आयोवाकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून बळ आलं.

बैठकीत मांडायचं ते लिहून काढलंय. एक, तिसरी ते पाचवी रांग जुन्या लोकांसाठी वर्षांच्या हिशोबाने, शेजाऱ्यांसकट. दोन, ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची कागदी तिकिटं आडनावाप्रमाणे पाकिटांत, आमच्याच टेबलावर. तिकीट ऑफिसला विचारलं, छापता येतात म्हणाले, फक्त आजवर कोणी मागितली नव्हती. तीन, घरं वाटून घेणं. आम्ही जितके आहोत त्यात प्रत्येकी वीस बसत नाहीत, तीसच्या आसपास जातील, म्हणून नव्याने येणाऱ्या आयांपैकी काहींना क्लबमध्ये घेणार आहे. त्या दिवशी आजींच्या जागेवर जे कुटुंब बसलं होतं त्यातल्या आईलाच पहिलं विचारलं. आजींबद्दल कळल्यावर तिला फार वाईट वाटलं, ती लगेच हो म्हणाली.

सोलापूरची_बॅकहँड, सह्यांच्या टेबलाचा प्रस्ताव ऑफिसकडून खरंच आलेला आहे. तुझं म्हणणं कोचला सांगितलं, ती तुझ्या बाजूची आहे. हरल्यावर सह्या नाहीत, एवढं तरी मी मान्य करून घेईन.

आकडेमोड, एक शंका. आमच्यातल्या काही जणी फोन करायला बिचकतात. अनोळखी घरी फोन करून बोलायचं काय?

---

आकडेमोड

सुरुवात तिकिटाने करू नका. “मी तुमच्या गावच्या संघाच्या क्लबमधून बोलतेय, काही मागायला फोन केलेला नाही” हे पहिल्या दहा सेकंदांत सांगा, त्याशिवाय समोरचा मोकळा होत नाही. मग विचारा, तुम्ही पहिल्यांदा कधी आलात आणि कोणाबरोबर. यानंतर बहुतेक वेळा तुम्हाला बोलावंच लागणार नाही. शेवटी पुढच्या सामन्याची तारीख, वेळ आणि त्या दिवशी टेबलावर कोण असेल त्याचं नाव. संध्याकाळी सहा ते साडेसात टाळा, तिकडे लोक तेव्हा जेवतात.

आणखी एक, आमच्याकडे याने सर्वांत जास्त माणसं दुखावली आहेत. कोणी वारलं की त्या व्यक्तीचं नाव पत्रांच्या यादीतून त्याच दिवशी निघालं पाहिजे. नवरा जाऊन महिना होतोय आणि त्याच्या नावाने नूतनीकरणाचं पत्र येतं, अशा बायकांचे फोन मी घेतलेत. सॉफ्टवेअर वर्तमानपत्र वाचत नाही. तुमच्या छोट्या गावात कोण गेलं हे तुम्हाला ऑफिसच्या आधी कळतं, तेव्हा हे काम क्लबमधल्या एका माणसाकडे नावानिशी द्या, आणि याच बैठकीत द्या.